नावे छापावी काय?

आमच्या दैनिकाचे एक जुने वाचक आणि परभणी शहरातील एक प्रतिष्ठित गृहस्थ यांजकडून गेल्या पंधरवड्यात आम्हांस एक पत्र आले. पत्राचा आशय थोडक्यात असा की, शहरात व तालुक्याच्या गावी नशेच्या गोळ्या आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या यांचे प्रस्थ वाढत चालले असून कोवळ्या वयाची मुले त्यापायी वाया जात आहेत. पोलीस दोघाचौघांस पकडतात, खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि जरब म्हणून कोणास बसत नाही. सबब, अशी नशा करणारांची नावे, बापाचे नाव व राहण्याचे ठिकाण यांसह, आमच्या दैनिकाने दर आठवड्यास चौकटीत छापावी. ‘चार घरांची अब्रू गेली म्हणजे उरलेली चाळीस घरे आपोआप शुद्धीवर येतील’, असे ते लिहितात. पत्रलेखकांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. त्यांच्या घराच्या मागील बोळात काय चालते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ज्यास चीड येत नाही त्याच्यापेक्षा ज्यास ती येते तो गृहस्थ आम्हांस केव्हाही अधिक प्रिय आहे. तथापि त्यांची सूचना आम्हांस स्वीकारता येत नाही. का स्वीकारता येत नाही, हे दोन ओळींच्या उत्तरात सांगून भागण्यासारखे नसल्यामुळे आजचा अग्रलेख त्याच विषयास दिला आहे.

प्रथम आमचा स्वतःचा अपराध सांगितला पाहिजे. कारण पत्रलेखक आज जे सुचवितात ते आम्ही एकदा केलेले आहे. काही वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका खेड्यातील वीस-बावीस वर्षांचा तरुण झडतीत सापडला. त्याच्या खिशात ट्रामाडॉलच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. आम्ही ती बातमी नावगावासह, पहिल्या पानावर, ‘नशेबाज तरुण जेरबंद’ असा ठळक मथळा देऊन छापली. बातमी खरी होती. परंतु तिच्या मागे काय होते, हे विचारण्याची तसदी आम्ही घेतली नाही. हा मुलगा दोन हंगाम ऊसतोडीस गेला होता. मोळ्या भरताना गाडीवरून पडून त्याच्या कंबरेस मार बसला. गोळी प्रथम डॉक्टराने लिहून दिली, दुखणे थांबले, काम सुटले नाही. पुढे चिठ्ठी संपली, गोळी संपली नाही. खटला चालू असताना तो स्वतः होऊन सरकारमान्य रुग्णालयात उपचारास गेला, उपचार पुरे केले, आणि कायद्यात अशा माणसासाठी जी तरतूद आहे तिच्या आधारे कोर्टाने त्याच्यावरील काम बंद केले. आम्ही ही दुसरी बातमीही छापली. आतल्या पानावर, दोन ओळींत, बाजारभावांच्या खाली.

त्यानंतर महिन्याभराने त्याचा बाप आमच्या कचेरीत आला. हाती कोर्टाच्या हुकुमाची नक्कल होती. मुलीचे ठरलेले लग्न मोडले होते. आठवडी बाजारात लोक पोराकडे बोट दाखवीत. गावात कोणी त्यास रोजाने लावीना. बाप भांडला नाही. नक्कल टेबलावर ठेवून तो एवढेच म्हणाला, ‘साहेब, कोर्टानं सोडलं. तुमच्या पेपरानं काही सोडलं नाही.’ आम्ही वकिली केली आहे, पुष्कळ उलटतपासण्या घेतल्या आहेत व सोसल्या आहेत. पण या वाक्यास उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. तो तरुण पुढे गाव सोडून गेला. तो कोठे आहे हे त्याच्या बापासही ठाऊक नाही.

फौजदारी कायद्याचा जो पहिला धडा आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो तो असा की, शिक्षा मोजून दिली पाहिजे. कोणत्या कृत्यास काय दंड हे आधी लिहिलेले असावे. आरोपीस आपली बाजू मांडता यावी. निकाल चुकला तर वर दाद मागता यावी. आणि शिक्षा भोगून झाली म्हणजे ती संपावी. अमली औषधी द्रव्यांसंबंधीचा १९८५ चा कायदा हा आपल्या देशातील अत्यंत कडक कायद्यांपैकी एक आहे. तरीही तो हे मोजमाप सोडीत नाही. त्याच्या कलम २७ प्रमाणे हेरॉइन, मॉर्फिन किंवा कोकेन यांचे सेवन केल्यास जास्तीत जास्त एक वर्षाची सक्तमजुरी, अथवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. इतर द्रव्यांस सहा महिने व १०,००० रुपये ही कमाल मर्यादा. कलम ३९ अन्वये अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात व्यसनाधीन माणसास तुरुंगात धाडण्याऐवजी जातमुचलक्यावर उपचारास पाठविण्याचा अधिकार कोर्टास आहे. आणि कलम ६४-अ तर याहून पुढे जाते: जो व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार घेईल व ते पुरे करील, त्याच्यावर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल खटला चालविलाच जाणार नाही. म्हणजे संसदेने विकणारा आणि खाणारा यांत भेद केला. मोठ्या प्रमाणाचा व्यापार करणारास दहा ते वीस वर्षे. रोग्यास दवाखान्याचे दार.

आता कलंकाची शिक्षा पाहा. तिचे कलम कोठे लिहिलेले नाही. तिला सुनावणी नाही, मुदत नाही, अपील नाही. ती ज्याने केले त्यास एकट्यास होत नाही. त्याच्या बहिणीस होते, म्हाताऱ्या आईस होते, शाळेत जाणाऱ्या धाकट्या भावास होते. एकाच्या कृत्याबद्दल साऱ्या कुटुंबास दंड करणाऱ्या राजांच्या गोष्टी आपण इतिहासात वाचतो व त्यांस जुलमी म्हणतो. तोच न्याय गावाच्या पारावर रोज चालतो, आणि पत्रलेखकांची इच्छा अशी की तो आमच्या छापखान्यातूनही चालावा. मोबदला म्हणून काय मिळणार? तर जरब. परंतु कलम ६४-अ ने उघडलेल्या दारातून आत जावयाचे तर माणसास ‘मला हे व्यसन आहे’ असे मोठ्याने म्हणावे लागते, आणि ते म्हणण्याचीच किंमत गाव इतकी भारी लावतो की माणूस दारापर्यंत पोचत नाही. एका हाताने कायद्याने दिलेले समाज दुसऱ्या हाताने काढून घेतो, ते असे.

शिवाय वकील म्हणून एक इशारा दिला पाहिजे. पत्रलेखक ज्यांची नावे मागतात त्यांतील पुष्कळ शाळा-कॉलेजांतील मुले आहेत. अठरा वर्षांखालील मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली असून ती मोडणारास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने दारू व अमली द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घातल्या, आणि उपचार घेणाऱ्या माणसाचे छायाचित्र वा इतर माहिती त्याच्या संमतीवाचून वर्तमानपत्रास देऊ नये असेही त्याच्या कलम २४ ने ठरविले. परंतु कायदा आड येतो म्हणून आम्ही नावे छापीत नाही, असे कोणी समजू नये. कायद्याने मुभा दिली असती तरी आम्ही छापली नसती.

पत्रात एक वाक्य असे आहे की, ‘हे विष आपल्या संस्कृतीत कधी नव्हते, ते बाहेरून आले.’ येथे आमचा पत्रलेखकांशी मतभेद आहे, आणि तो जरा विस्ताराने सांगणे अवश्य आहे. दिवाळीच्या अनारशावर जी खसखस लागते ती ज्या बोंडातून निघते, त्याच बोंडास कच्चेपणी चीर दिली असता जो चीक पाझरतो, तीच अफू. खसखशीत नशा नाही हे खरे. पण झाड एकच आहे. आमच्या पणज्यांच्या औषधाच्या पेटीत हिंग, वेखंड, मुरडशेंग यांच्या शेजारी अफूचीही कुपी असे. जुलाब झाले, अफू. खोकला उसळला, अफू. म्हातारपणी सांधे धरले, तीळभर अफू. आणि पोर रडू लागले तरीही अफूच. खुरपणीस जाणारी बाई तान्ह्या मुलास बांधावरच्या झोळीत निजविताना बोटाच्या टोकाएवढी अफू चाटवी. मुंबईच्या गिरणीत बारा-बारा तास उभी राहणारी बाई खोलीवर ठेवलेल्या मुलास ‘बाळागोळी’ देई. मूल दिवसभर निपचित पडे, आईस मजुरी मिळे, आणि कित्येक मुले त्या झोपेतून उठतच नसत. त्या मातांस कोणी नशेबाजांची जात म्हटले नाही. म्हणावयास हवे होते, असे आमचे म्हणणे नाही. पोट भरण्याचा दुसरा मार्ग त्यांना कोणी ठेवला नव्हता. आमचे म्हणणे इतकेच की, जे द्रव्य तीन पिढ्यांपूर्वी घरोघर होते त्याच्या नावाने आज नाक मुरडताना आपण थोडे जपून मुरडावे.

सरकारांची नीतीही पाहण्यासारखी आहे. इंग्रजांच्या राज्यात अफू हा सरकारी मक्ता होता. गाझीपूरच्या कारखान्यात ती शिजे, माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजावर चढे, आणि ती घेण्यास चीन नाकबूल झाला तेव्हा त्यावर दोन युद्धे लादण्यात आली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्याने मुंबईस जे रुग्णालय लाभले त्याचे ऋण सारा महाराष्ट्र मानतो. त्यांच्या संपत्तीत चीनच्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता, हेही इतिहासात नमूद आहे. विक्टोरिया राणीने त्यांस १८४२ साली ‘सर’ केले व १८५७ साली बॅरोनेट केले. १८९३ साली अफूची चौकशी करण्यास लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमले गेले, आणि १८९५ साली त्याने एकंदरीत असा अभिप्राय दिला की हिंदी माणसाच्या अफू खाण्यात फारसे वावगे नाही. वावगे कसे असणार? तिजोरी भरत होती. इकडे निजामाच्या राज्यातही, ज्यात १९४८ पर्यंत आमचा परभणी जिल्हा मोडत असे, आबकारी हे उत्पन्नाचे मोठे कलम होते. जोवर अफूचा पैसा सरकारास हवा होता तोवर अफू खाणारा सभ्य गृहस्थ होता. तो पैसा नकोसा झाला तेव्हा तोच माणूस पतित ठरला. माणूस बदलला नाही, द्रव्य बदलले नाही. हिशेबाची वही बदलली.

स्वतंत्र भारताने या बाबतीत आरंभी जे केले ते आम्हांस अभिमानास्पद वाटते. औषधी उपयोगावाचून अफू खाणे क्रमाक्रमाने बंद करावे असे ठरवून १९५९ साली उघड विक्री थांबविली. परंतु जे म्हातारे आधीच तिच्या आहारी गेले होते त्यांस गुन्हेगार ठरविले नाही. वैद्यकीय तपासणी करून त्यांची नोंद केली व परवान्यावर मोजकी अफू देण्याची सोय ठेवली. म्हणजे त्या काळच्या राज्यकर्त्यांस हे कळले होते की, वीस-तीस वर्षे ज्याच्या शरीरात हे द्रव्य मुरले त्याच्याकडून ते एका दिवसात हिरावून घेणे हा संयमाचा धडा नव्हे, छळ आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ मादक पेये व अपायकारक अमली द्रव्ये यांचे सेवन बंद करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगतो, हे पत्रलेखकांनी योग्यच निदर्शनास आणले आहे. परंतु त्यांनी त्याच अनुच्छेदाचा पहिला अर्धा भाग वाचलेला दिसत नाही. लोकांचे पोषण व राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य, असे तेथे आधी म्हटले आहे. दारूबंदी व अमलीबंदी त्याच्या पोटात येते, आणि तीही ‘औषधी प्रयोजन वगळून’.

या शेवटच्या तीन शब्दांसाठी आपल्या देशात किती माणसे तळमळत मेली, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. अफूपासून निघणारे मॉर्फिन हे कर्करोगाच्या असह्य वेदनेवरचे स्वस्त व खात्रीचे औषध आहे. जगातील कायदेशीर अफू पिकविणाऱ्या मोजक्या देशांत भारत अग्रगण्य. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश यांत सरकारी परवान्याने तिची शेती होते. असे असूनही १९८५ च्या कायद्यानंतर परवाने, शिक्के व नोंदवह्या यांच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि १९९७ साली या अवाढव्य देशाचा वर्षभराचा वैद्यकीय वापर अवघ्या १८ किलोग्रॅमच्या आसपास येऊन ठेपला. केरळातील डॉक्टर एम. आर. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षे झगडून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती घडवून आणली, तेव्हा परवान्यांचा गुंता बराच सुटला. कायदा सुटला, मन सुटले नाही. परभणी जिल्ह्यातून तोंडाच्या कर्करोगाचे रोगी रेल्वेने छत्रपती संभाजीनगरास, मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात. तंबाखूने गाल पोखरलेला माणूस अखेरच्या अवस्थेत घरी परत येतो, रात्ररात्र कण्हतो, आणि घरचे म्हणतात, ‘ती नशेची गोळी नको, सवय लागेल.’ दोन महिन्यांचा सोबती असलेल्या माणसास सवय लागेल ही भीती! कलंक केवळ व्यसनी माणसास लागत नाही, तो औषधासच लागतो, आणि मग ज्याने जन्मात नशा केली नाही असा म्हाताराही त्याची शिक्षा भोगतो.

भाषेचाही यात हात आहे. आपल्या मराठीने दारुडा, गंजडी, अफूबाज हे शब्द केले, आणि १९८० नंतर मुंबईत ब्राऊन शुगर आली तेव्हा तिला ‘गर्द’ व ती ओढणारास ‘गर्दुल्ला’ म्हटले. या शब्दांत माणूस शिल्लक राहत नाही. द्रव्यच हातपाय फुटून चालू लागते. दिवसाला वीस पुड्या तंबाखू खाणारास असे नाव नाही, कारण तो आपल्यापैकीच असतो. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने १९१९ पासून महाराष्ट्रास रडविले, परंतु तेथे प्याला घेणारा सुधाकर बुद्धिमान वकील होता. (आमच्याच व्यवसायाचा म्हणून आम्हांस त्याचे थोडे अधिक वाटते, हे कबूल करतो.) अफू-गांजाचा माणूस मात्र रंगभूमीवर बहुधा हशा पिकविण्यापुरताच आला. शिकल्यासवरल्याचे पतन ती शोकांतिका, हमालाचे पतन तो विनोद, असा हा भेद आहे. अमेरिकेतही हेच घडले. १९८० नंतरच्या दशकात काळ्या वस्त्यांत क्रॅक कोकेन पसरले तेव्हा तेथे तुरुंग बांधले गेले. १९९६ पासून ऑक्सिकॉन्टिनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी गोऱ्या मध्यमवर्गाची घरे गाठली, तेव्हा ‘हा आजार आहे’ असे वर्तमानपत्रांस एकाएकी सुचले. उशिरा का होईना सुचले. पण कोणासाठी सुचले, ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणि तो आजारच आहे, ही दयाबुद्धीची थाप नव्हे. अफूच्या जातीचे द्रव्य, मग ते हेरॉइन असो, खोकल्याच्या औषधातील कोडीन असो की दुखण्याची ट्रामाडॉल गोळी असो, दिवसेंदिवस पोटात गेले म्हणजे मेंदू त्याच्या हिशेबाने आपला कारभार बदलून घेतो. मग ते थांबताच नाकाडोळ्यांस पाणी सुटते, जुलाब होतात, हाडे मोडल्यासारखी दुखतात, झोप उडते. पुढेपुढे माणूस सुखासाठी घेत नाही, तर हे हाल चुकविण्यासाठी घेतो. हेरॉइन हे १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्याचे निर्धोक औषध म्हणून बाजारात आणले होते, आणि ट्रामाडॉल आपल्याकडे एप्रिल २०१८ मध्ये कुठे या कायद्याच्या कक्षेत आले. तज्ज्ञांस व सरकारास जे ओळखावयास इतकी वर्षे लागली ते ऊसतोडीच्या पोराने पहिल्या पट्टीतच ओळखावयास हवे होते काय? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील सुमारे २.०६ टक्के लोक या जातीची द्रव्ये घेतात असे आढळले. शंभरांत दोन. पत्रलेखकांच्या चौकटीस आमची सारी पाने पुरणार नाहीत.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. काही आठवडे बंद ठेवलेल्या माणसाचे शरीर ती सवय विसरते. अशा वेळी त्याने जुनेच प्रमाण पुन्हा घेतले तर श्वास मंदावत जाऊन तो मरतो. नॅलॉक्सोन नावाचे औषध वेळेवर टोचले तर तो वाचतो. परंतु वाचवावयास कोणी जवळ असले पाहिजे, आणि जवळच्याने त्यास न भिता दवाखान्यात नेले पाहिजे. तुरुंगातून वा उपचारातून नुकता बाहेर आलेला माणूस म्हणूनच सर्वांत अधिक धोक्यात असतो, आणि नेमक्या त्याच वेळी गाव त्यास वाळीत टाकते. मग तो एकटा, ओसाड पंपघरात किंवा पडक्या वाड्यात घेतो. सकाळी सापडतो. नाव छापून बसणारी जरब ती हीच.

येथे कोणी विचारील, ‘तर मग लाज नकोच काय? उद्या पोरे भर चौकात बाटल्या फोडतील, तेही चालेल?’ नाही, चालणार नाही. लाज आणि कलंक या दोन गोष्टी आम्ही वेगळ्या मानतो. लाज माणसाच्या आत असते आणि कृत्यास चिकटते. कृत्य सुटले की ती सुटते, आणि तिच्यामुळे पुष्कळ माणसे सुधारतात. कलंक दुसरे लावतात आणि तो माणसास चिकटतो. सुधारला तरी तो ‘पूर्वीचा गर्दुल्ला’च राहतो, मग सुधारावे कशासाठी? पत्रलेखकांच्या संतापास आम्ही दुसरे ठिकाण दाखवितो. चिठ्ठीवाचून कोडीनच्या बाटल्या विकणारा औषध दुकानदार हा परवानाधारक आहे, त्याचा पत्ता पाटीवर लिहिलेला आहे, त्याच्याकडे खरेदी-विक्रीच्या वह्या असाव्या लागतात, आणि अल्पवयीन मुलास अमली द्रव्य देणारास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. त्याचे नाव गावकीत आदराने घेतले जाते. वर्गणीच्या पावतीवर ते पहिले असते. कोर्टात गुन्हा शाबीत झालेल्या अशा विक्रेत्याचे नाव छापण्यास आम्ही एका पायावर तयार आहोत. मात्र विक्रीतही सारे सारखे नव्हेत, हेही ध्यानात असू द्यावे. २०१२ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात, परळीच्या बाजूस, अफूची बेकायदा शेती उघडकीस आली, तेव्हा शेतकरी पकडले गेले. माल कोणासाठी पिकत होता, हा प्रश्न त्या मानाने फार थोड्यांनी विचारला.

कलंकावाचून माणूस सुधारत नाही, हा समज खोटा पाडणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबई-पुण्यात गर्दने थैमान घातले असता अनिल अवचट त्या मुलांत जाऊन बसले, त्यांची हकीकत लिहिली, आणि ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे मदतीस धावले. त्यांतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉक्टर अनिता अवचट यांनी पुण्याच्या येरवड्यास ‘मुक्तांगण’ उघडले. तेथे बरे झालेले व्यसनीच नव्यांचे सल्लागार होतात. ज्यास गाव कलंक म्हणतो तेच तेथे अनुभव म्हणून कामास येते. याच्या जोडीस आता जिभेखाली ठेवावयाच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीसारखे उपचार आहेत. शरीराचे हाल थांबवून माणसास कामावर परत जाता यावे असा त्यांचा हेतू. त्यांवरही ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ अशी टीका सुशिक्षितांकडून ऐकू येते. मधुमेह्याच्या इन्सुलिनविषयी असे कोणी म्हणत नाही.

परभणीस २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. तेथे या रोग्यांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण वेळ असावी, आणि तिच्या दारावर ‘व्यसनमुक्ती’ अशी भली मोठी पाटी नसावी, अशी आमची मागणी आहे; पाटी वाचून अर्ध्या वाटेवरून परत फिरणारे लोक आम्हांस माहीत आहेत. गंगाखेड, जिंतूर, सोनपेठ, पालम येथून येणाऱ्यास एका औषधासाठी दर दोन दिवसांनी एस. टी.चे भाडे व बुडालेला रोज परवडत नाही. सबब तालुक्याच्या रुग्णालयांतही ही सोय झाली पाहिजे. ऊसतोडीस निघणाऱ्या टोळ्यांची निघण्यापूर्वी व परतल्यावर तपासणी होईल तर कंबरेचे दुखणे गोळीच्या दुकानात न जाता डॉक्टराकडे जाईल. आणि घरच्या अखेरच्या रोग्यास मॉर्फिन जिल्ह्यातच मिळाले पाहिजे.

आमच्यापुरते आम्ही असे ठरविले आहे: अमली द्रव्याच्या सेवनाच्या अथवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात कोणाचेही नाव, गाव, बापाचे नाव वा छायाचित्र आमच्या दैनिकात येणार नाही. ‘नशेबाज’, ‘गर्दुल्ला’ हे शब्द मथळ्यात येणार नाहीत. पूर्वी ज्यांची नावे आम्ही छापली त्यांच्यापैकी कोणी सुटल्याचा हुकूम घेऊन आला, तर ती बातमी पहिली बातमी जेथे छापली होती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापू; त्यास आपले नाव पुन्हा नको असेल तर नावावाचून छापू. पत्रलेखकांचे पत्र त्यांच्या इच्छेप्रमाणे उद्याच्या अंकात पूर्ण देत आहोत. केवळ त्यांतील तीन मुलांची नावे गाळली आहेत.

त्या बापाने टेबलावर ठेवलेली नक्कल आमच्या खणात आहे. ती घेण्यास तो परत आलेला नाही.